हातांतील आरसा

अष्टावक्राची गोष्ट पूर्वीं पुष्कळ घरांतून मुलांना सांगितली जाई. आठ ठिकाणीं वांकलेल्या देहाचा तो मुलगा जनकराजाच्या सभेंत शिरला, तेव्हां तेथील पंडित त्याला पाहून खदखदां हंसले. त्यांच्याहून मोठ्यानें अष्टावक्र हंसला. राजानें कारण विचारलें, तेव्हां तो म्हणाला कीं, ही ज्ञात्यांची सभा आहे असें ऐकून इतक्या दुरून येणें झालें. पण येथें तर कातड्याची पारख करणारे व्यापारीच बसलेले दिसतात! गोष्ट येथें संपे, आणि ऐकणाऱ्या मुलाला तात्पर्य वेगळें सांगावें लागत नसे.

ती सभा आतां राजवाड्यांत भरत नाहीं. ती मुलांच्या तळहातावर भरते, सकाळीं डोळा उघडल्यापासून रात्रीं डोळा मिटेपर्यंत चालते, आणि तिचें विसर्जन कधींच होत नाहीं. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट, यूट्यूब इत्यादि समाजमाध्यमांचा मुलांच्या अभ्यासावर व झोंपेवर काय परिणाम होतो, याची चर्चा घरोघर चालू असते. परंतु स्वतःच्या शरीराविषयीं व स्वतःच्या योग्यतेविषयीं मुलांच्या मनांत जी कल्पना घडत असते, तिच्यावर या माध्यमांचा काय परिणाम होतो, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. अभ्यास बुडाला तर तो गुणपत्रिकेंत दिसतो, झोंप बुडाली तर ती डोळ्यांत दिसते. आत्मप्रतिष्ठेला गेलेली चीर मात्र बाहेरून दिसत नाहीं.

एखाद्या सुशिक्षित घरांतील सोळा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणावी. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला ती आईची पैठणी नेसून निघते, तेव्हां आजी तिची दृष्ट काढते. रात्रीं घरीं आल्यावर ती खोलीचें दार लोटून घेते आणि मोबाइलवर काढलेल्या चाळीस छायाचित्रांतून एक निवडूं लागते. एकांत हनुवटी दुहेरी दिसते, एकांत दंड जाड वाटतो, एकांत वर्ण सांवळा आलेला असतो. अखेर निवडलेल्या छायाचित्रावर फिल्टर चढतो. त्वचा गुळगुळीत होते, नाक बारीक होतें, डोळे थोडे मोठे होतात. मग तें छायाचित्र जगापुढें ठेवून ती वाट पाहत बसते. तासाभरांत साठ लाइक येतात. मैत्रिणीच्या छायाचित्राला दोनशें आलेले असतात. जेवणाची हांक येते, तेव्हां ती 'भूक नाहीं' म्हणून सांगते. जिची दृष्ट काढली गेली ती मुलगी आणि जी उपाशी झोंपली ती मुलगी एकच; मध्यें गेले ते केवळ पांच-सहा तास. त्या तासांत काय घडलें हें समजून घेतल्याखेरीज तिला उपदेश करणें व्यर्थ आहे.

रूपाची तुलना ही कांहीं या शतकाची निर्मिति नव्हे. 'मुलगी पाहण्या'च्या चालीमुळें महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांच्या मुलींना परक्यांसमोर चालून दाखवावें लागलें, आणि 'नाकीं डोळीं नीटस, वर्णानें गव्हाळ' अशा शब्दांत स्वतःचें वर्णन ऐकावें लागलें. लग्नासाठीं काढलेल्या छायाचित्रावर स्टुडिओवाला बारीक कुंचल्यानें हात फिरवी. तोहि त्या काळचा फिल्टरच. राजा रविवर्मा यांनीं १८९४ मध्यें मुंबईस गिरगांवांत छापखाना काढला व पुढें तो लोणावळ्याजवळ मळवली येथें नेला. त्यांतून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी घरोघर लागल्या, आणि एकच गोरा, रेखीव चेहरा हजारों भिंतींवरून पाहूं लागला. १९४१ मध्यें लीला चिटणीस यांचें चित्र लक्स साबणाच्या जाहिरातींत झळकलें, आणि नटीचें सौंदर्य वडीच्या रूपानें न्हाणीघरांत आलें. १९७५ मध्यें बाजारांत आलेलें गोरेपणाचें एक मलम तर आपल्या नांवांतील 'फेअर' हा शब्द २०२० पर्यंत मिरवीत राहिलें.

नुसत्या चित्राचें बळ किती असतें, याचें उदाहरण पॅसिफिक महासागरांतील फिजी बेटांवर पाहावयास मिळालें. तेथें भरदार शरीर हें सुस्थितीचें व आप्तांच्या मायेचें लक्षण मानीत. नाद्रोगा या भागांत १९९५ मध्यें दूरचित्रवाणी आली. अमेरिकन वैद्यक व मानवशास्त्रज्ञ अ‍ॅन बेकर यांनीं त्या वर्षीं, आणि पुन्हां १९९८ मध्यें, तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन उतरविण्यासाठीं मुद्दाम ओकारी काढणारी एकहि मुलगी पहिल्या पाहणींत आढळली नव्हती. दुसऱ्या पाहणींत अशा मुलींचें प्रमाण शेंकडा ११ हून अधिक निघालें. दोन्ही वेळीं तपासलेल्या मुली साठ-पासष्टच होत्या, म्हणून या आंकड्यावर फार मोठी इमारत उभारूं नये. तथापि पिढ्यान्पिढ्या चालत आलेली सौंदर्याची कल्पना तीन वर्षांत हलूं शकते, एवढें त्यावरून निश्चित दिसतें.

तरीहि या जुन्या तुलनेला तीन कुंपणें होतीं. भिंतीवरची लक्ष्मी देवता होती व पडद्यावरची नटी दूरची होती. त्यांच्याशीं स्पर्धा करण्याचें बहुतेकींच्या मनांत येत नसे. दुसरें, पाहण्याचा प्रसंग कितीहि मानहानीचा असला, तरी पाहुणे उठले कीं तो संपे. आणि तिसरें, मुलीचा स्वतःचा चेहरा तरी तिच्याविरुद्ध साक्षीला उभा राहत नसे. गेल्या वीस वर्षांत हीं तिन्ही कुंपणें एकामागून एक मोडलीं.

पहिलें कुंपण अंतराचें. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनीं १९५४ मध्यें असा सिद्धान्त मांडला कीं, स्वतःची योग्यता मोजण्यास बाहेरचें माप नसेल तेव्हां मनुष्य दुसऱ्याशीं तुलना करून ती मोजतो, आणि ही तुलना तो विशेषेंकरून आपल्यासारख्यांशींच करतो. चित्रपटांतील नायिका अप्सरेसारखी दिसली तर त्यांत नवल नसतें. तिचा तो व्यवसायच आहे. परंतु त्याच बाकावर बसणारी, तोच डबा खाणारी, त्याच बसनें घरीं जाणारी मैत्रीण अप्सरेसारखी दिसूं लागली म्हणजे 'मग मीच अशी कां?' हा प्रश्न टाळतां येत नाहीं. मैत्रिणीनेंहि चाळीसांतून एकच निवडलें होतें, तिनेंहि फिल्टर लावला होता, हें मुलीला ठाऊक असतें. पण ठाऊक असणें वेगळें आणि वाटणें वेगळें.

दुसरें कुंपण काळाचें. या माध्यमांच्या जन्मकथेंतच रूपाच्या परीक्षेचें बीज आहे. मार्क झुकरबर्ग यांनीं हार्वर्ड विद्यापीठांत शिकत असतां २००३ मध्यें 'फेसमॅश' नांवाचा एक खेळ काढला. दोन विद्यार्थ्यांचीं छायाचित्रें शेजारीं ठेवावयाचीं व अधिक आकर्षक कोण तें पाहणाऱ्यानें ठरवावयाचें, असा तो खेळ होता. विद्यापीठानें तो लवकरच बंद पाडला. फेसबुक पुढील वर्षीं निघालें. २००९ मध्यें त्यांत 'लाइक'ची खूण आली, २०१० मध्यें केवळ छायाचित्रांना वाहिलेलें इन्स्टाग्राम आलें, आणि २०२० मध्यें भारतांत टिकटॉकवर बंदी येतांच इन्स्टाग्रामचीं 'रील' त्याच्या जागीं येऊन बसलीं. पूर्वीं पाहुणे 'कळवितों' म्हणून जात. आतां पसंती आंकड्यांत येते, सर्वांच्या देखत येते आणि दर मिनिटास बदलते. शिवाय ज्या चित्रावर नजर क्षणभर अधिक रेंगाळते, त्या जातीचीं चित्रें अधिकाधिक पुढें करण्याची या यंत्रणेची रीत आहे. पोट कमी करण्याचा एक व्यायाम कुतूहलानें पाहिला कीं तसलेच दहा पुढें येतात, आणि सारें जग पोट कमी करण्याच्या उद्योगाला लागलें आहे असा भास होतो. यंत्राच्या मनांत दुष्टावा नसतो. त्याला मनच नसतें. दुकानदार ज्या फळीकडे गिऱ्हाइकाची नजर जाते तीच फळी भरतो, तसा हा प्रकार आहे.

तिसरें कुंपण मोडलें तें सर्वांत घातक. आजवर मनुष्य दुसऱ्याच्या रूपाशीं स्वतःची तुलना करी. आतां तो स्वतःच्याच सुधारलेल्या चेहऱ्याशीं ती करूं लागला. अमेरिकेंत बोस्टन येथील त्वचारोगतज्ज्ञांनीं २०१८ मध्यें एका लेखांत या गोष्टीकडे लक्ष वेधलें. सौंदर्यशस्त्रक्रियेसाठीं येणारे लोक पूर्वीं नट-नट्यांचीं छायाचित्रें घेऊन येत. आतां ते फिल्टर लावलेलें स्वतःचेंच छायाचित्र पुढें करून 'असें करून द्या' म्हणूं लागले. नटीसारखें होतां येत नाहीं, हें मनाला समजावतां येतें. पण स्वतःसारखेंच होतां येत नाहीं, हें कसें समजवावें? स्वतःचाच चेहरा स्वतःची सवत होऊन बसतो.

यांतील विलक्षण गोष्ट अशी कीं, ज्या मूळ छायाचित्राला पाहून मुलगी खट्टू होते, तेंहि खरें नसतें. हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फींत कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ नाक असतें, म्हणून तें प्रमाणाबाहेर मोठें दिसतें. हें किती होतें याचें गणित अमेरिकेंतील कांहीं शल्यवैद्यांनीं २०१८ मध्यें मांडलें. बारा इंचांवरून काढलेल्या छायाचित्रांत नाकाची रुंदी पांच फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या मानानें सुमारें ३० टक्क्यांनीं अधिक भासते. पांच फूट म्हणजे सामान्यतः समोरासमोर उभें राहून बोलण्याचें अंतर. जग त्या मुलीचें नाक जसें पाहतें, तसें तें सेल्फींत नसतेंच. आणखी एक जुना प्रयोग १९७७ मधला आहे. त्यांत असें आढळलें कीं, स्वतःच्या दोन छायाचित्रांपैकीं मनुष्याला आरशांतल्यासारखें उलटें छायाचित्र अधिक आवडतें, तर त्याच्या मित्रांना सुलट छायाचित्र आवडतें. कारण साधें आहे: ज्याला जें रोज दिसतें तें त्याला गोड वाटतें. छायाचित्रांत स्वतःचा चेहरा थोडा वांकडा, थोडा परका वाटतो तो व्यंगामुळें नव्हे, तर संवय नसल्यामुळें. ही साधी गोष्ट किती घरांतून मुलींना सांगितली जाते?

सुधारलेल्या चित्रांचा परिणाम तपासून पाहण्याचेहि प्रयत्न झालेले आहेत. नेदरलंड्समध्यें १४ ते १८ वर्षें वयाच्या १४४ मुलींना इन्स्टाग्रामवरच्यासारखीं छायाचित्रें दाखविण्यांत आलीं. कांहींना मूळचीं, कांहींना फेरफार केलेलीं. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत फेरफार केलेलीं चित्रें पाहणाऱ्या मुलींचें स्वतःच्या शरीराविषयींचें मत खालावलेलें आढळलें, आणि ज्या मुलींना मुळांतच तुलना करण्याची खोड होती त्यांच्यांत तें अधिक खालावलें.

मुलगे यांतून सुटले आहेत असें मात्र कोणी समजूं नये. त्यांच्यापुढें येणारीं चित्रें बारीक कमरेचीं नसून फुगीर दंडांचीं व घडीव पोटाचीं असतात. जोर-बैठकांची परंपरा महाराष्ट्राला नवी नाहीं. परंतु तालमींत शरीर कमावलें जाई तें कुस्तीसाठीं. आज कित्येक तरुण तें छायाचित्रासाठीं कमावतात, आणि कसलेल्या शरीरालाहि 'अजून काडीच' समजून वैद्याच्या सल्ल्यावांचून औषधें टोंचून घेण्यापर्यंत कांहींची मजल जाते. मुलगी रडते तेव्हां घराला निदान कळतें. मुलगा आरशासमोर उभा राहून गप्प बसतो, आणि घर त्याला व्यायामाची आवड समजतें.

एवढें सगळें खरें असलें, तरी दुसरी बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. ब्रिटन व अमेरिका येथील साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांच्या माहितीवरून ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनीं २०१९ मध्यें असें दाखविलें कीं, मुलांच्या एकंदर मानसिक स्वास्थ्यांत जो फरक दिसतो, त्यांतील फार तर ०.४ टक्का भाग मोबाइल, संगणक इत्यादींच्या वापराशीं जोडतां येतो. मोबाइल हातांत आला कीं मूल बिघडलें, असा सरसकट निवाडा शास्त्राला मान्य नाहीं. परंतु सरासरी ही फसवी असते. नदीची सरासरी खोली गुडघाभर असली तरी डोहांत माणूस बुडतोच. २०२१ मध्यें फेसबुक कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आले. त्यांत नोंद होती कीं, ज्या किशोरींना आधींच आपल्या शरीराविषयीं वाईट वाटत होतें, त्यांपैकीं ३२ टक्के मुलींच्या मतें इन्स्टाग्रामनें तें अधिक वाईट केलें. कंपनीनें त्यावर उत्तर दिलें कीं, त्याच पाहणींतील इतर बहुतेक बाबतींत मुलींनीं इन्स्टाग्रामचा उपयोग झाला किंवा निदान अपाय झाला नाहीं, असें सांगितलें होतें. दोन्ही विधानें एकत्र वाचलीं म्हणजे चित्र स्पष्ट होतें. जखम नसलेल्याला हें मीठ झोंबत नाहीं. जखम असलेल्याला झोंबतें. शिवाय याच माध्यमांतून अंगावर कोड असलेल्या, भाजल्याच्या खुणा असलेल्या, अपंग असलेल्या माणसांना आपल्यासारखीं माणसें भेटलीं व लपून बसण्याची संवय त्यांनीं सोडली, हेंहि विसरतां येत नाहीं.

मग काळजी कशाची? काळजी वयाची आहे आणि अन्नाची आहे. बारा ते अठरा या वर्षांत हाडें भरतात, उंची वाढते, रक्त वाढावें लागतें. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें भारतांतील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकीं ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. ज्या देशांत निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगांत पुरेसें रक्त नाहीं, त्या देशांत सुखवस्तु घरांतील मुलीनेंहि ताटावरून उठावें, यापरता विपरीत योग कोणता?

उपाय म्हणून निरनिराळ्या देशांनीं कायदे केले. फ्रान्समध्यें २०१७ पासून, शरीराचा आकार बदललेल्या जाहिरातींतील छायाचित्रावर तसें छापणें सक्तीचें झालें. नॉर्वेमध्यें असाच कायदा १ जुलै २०२२ पासून अंमलांत आला. ऑस्ट्रेलियानें १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातें ठेवण्याची मनाई केली. भारतांत २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमति आवश्यक ठरविली. या कायद्यांचा हेतु चांगला आहे. पण चित्रावरच्या इशाऱ्यानें मनाची रुखरुख फारशी कमी होत नाहीं, असें ऑस्ट्रेलियांतील प्रयोगांत वारंवार आढळलें आहे. डोळा आधीं पाहतो, बुद्धि मागाहून वाचते. आणि घाव पाहतांनाच बसलेला असतो. त्यापेक्षां कॅनडांतील एका साध्या प्रयोगाचें फळ अधिक आशादायक आहे. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत १७ ते २५ वयाच्या २२० विद्यार्थ्यांपैकीं कांहींना समाजमाध्यमांचा वापर रोज एका तासावर आणण्यास सांगण्यांत आलें. तीन आठवड्यांत त्यांचें स्वतःच्या रूपाविषयींचें व वजनाविषयींचें मत सुधारलें. माध्यम अजिबात सोडावें लागलें नाहीं. हात आंखडता घेतला एवढेंच.

हें घराला सहज करतां येण्यासारखें आहे. रात्रीं घरांतील सर्वांचे मोबाइल, वडील माणसांचे धरून, दिवाणखान्यांत एका जागीं ठेवावे. फिल्टर कसा चालतो, सेल्फींत नाक मोठें कां दिसतें, हें मुलांबरोबर बसून प्रत्यक्ष करून पाहावें. ज्या जादूचें गुपित कळलें तिचा दरारा कमी होतो. मूल जेवण टाळूं लागलें, जेवणानंतर न्हाणीघरांत दार लावून बसूं लागलें, एखाद्या अवयवाच्या काळजीनें घराबाहेर पडेनासें झालें, तर तें खूळ म्हणून हंसण्यावारी न नेतां वैद्याकडे जावें. सरकारनें २०२२ मध्यें सुरू केलेली 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनि-सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

परंतु याहून अवघड काम जिभेचें आहे. 'किती काळवंडलीस!', 'हल्लीं फार सुटलास', 'ताई पाहा कशी नाजूक, आणि तूं!' हीं वाक्यें कोणत्याहि यंत्रानें शिकविलेलीं नाहींत. तीं लग्नकार्यांत, हळदीकुंकवांत, सुटीच्या दिवशीं जेवणाच्या टेबलाशीं, अगदीं प्रेमानें बोललीं जातात. आई आरशापुढें उभी राहून स्वतःच्या पोटाला नांवें ठेवते, तीहि शेजारीं उभी असलेल्या मुलीची शिकवणीच असते. मोबाइल ज्या जखमेवर मीठ चोळतो, ती जखम पुष्कळदां घरांत झालेली असते. उलट, मुलगी सिंहगड न थांबतां चढली, मुलानें आजोबांना आधार देऊन जिन्यावरून आणलें, पोहतांना दम टिकला, गातांना स्वर लागला, याबद्दल घरांत कौतुकाचा शब्द निघाला, तर शरीर ही पाहण्याची नव्हे, वापरण्याची वस्तु आहे हें मुलांच्या मनांत न सांगतां मुरतें.

अष्टावक्राच्या गोष्टीला एक पूर्वार्ध आहे, आणि तो मोठ्यांसाठीं आहे. त्याचा देह जन्मतः वांकडा होता तो कांहीं दैवानें नव्हे. तो गर्भांत असतां त्याचे वडील कहोड यांनीं रागाच्या भरांत त्याला शाप दिला होता. ते आठ बांक बापाच्या शब्दानें पडले होते. आणि जनकाच्या सभेंत तो गेला, तो कोणी आपल्याला सुंदर म्हणावें यासाठीं नव्हे. तेथें वादांत हरलेल्या त्याच वडिलांना सोडवून आणावयास गेला होता. सभा हंसली तरी तो परतला नाहीं, कारण त्याला तेथें काम होतें. मुलांच्या हातांतली सभा हंसावयाची राहणार नाहीं. तिच्याकडे पाठ फिरवून आपल्या कामाला लागण्याइतकें बळ मुलांच्या अंगीं यावें, आणि त्यांच्या देहांत आणखी एखादा बांक घरच्या शब्दानें पडूं नये, एवढें मात्र घराच्या हातांत आहे.